पोळी वाळतेय, आल्बा

बान्याकावाल्लो,
२ मार्च १९९४

आल्बा,

अक्षर ओळखलं असशील. भिंतींना गिलावा करण्यात जन्म गेलेल्या माणसाचं अक्षर असंच असतं. फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, एवढाच माझा डाव आहे.

काळजीचं काही नाही. इरीदे बरी आहे. हिवाळ्यात तिला जरा अशक्तपणा आला, हृदयाचं एक छोटंसं काम करून घेतलं, आता घरीच आहे. खिडकीशी बसते आणि शेजारच्या सेकोंदाच्या कोंबड्यांना नावं ठेवते. डॉक्टर बाल्दिसेर्रीने हलकं खायला सांगितलंय. मांस नाही, लोणी नाही, मीठ नावाला. मग आपल्या या मुलखात माणसाने जगायचं कशावर, तेही त्यानेच सांगायला हवं होतं.

तर माझ्या मनात आलं, गुड फ्रायडेला तुम्ही बहिणी करायचात ते बिनमांसाचे कान्नेल्लोनी करावेत. पास्त्याच्या पोळीच्या सुरळ्या, आत पालक आणि रिकोत्ता चीज, वरून पांढरं काहीतरी ओतायचं आणि ओव्हनमध्ये सरकवायचं. हलकंही होईल. अडचण एकच आहे. पोळी इरीदेची आणि सारण तुझं, ही वाटणी सासूबाईंनी कायमची करून ठेवलेली. थोरलीने लाटायचं, धाकटीने कालवायचं, आणि एकीने दुसरीच्या कामात बोट घातलं की लाटणं पाठीत. त्यामुळे इरीदेला सारण येत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "ते आल्बाचं." आणि तोंड खिडकीकडे केलं.

मला अजून आठवतं, मी पहिल्यांदा तुमच्याकडे जेवायला आलो तो दिवस. इरीदे फळीपाशी, कोपरापर्यंत पिठात. तू तळघरातून वाइनची बाटली घेऊन वर आलीस, केसांत कोळिष्टकं. मी आपला शिष्टपणे विचारलं, "किती जुनी आहे?" तू म्हणालीस, "तुझ्याहून लहान, पण हिला चव आहे." मेहुणी म्हणून तू मला त्याच क्षणी पसंत पडलीस.

सारणात काय काय आणि किती, एवढंच कळव. खुशाली विचारली नाहीस तरी चालेल.

नेव्हिओ


बान्याकावाल्लो,
११ मार्च

आल्बा,

तुझं उत्तर नाही. टपाल खात्याला शिव्या देऊन झाल्या, आता तुला देण्याआधी आणखी एक पत्र लिहितो.

तुझ्याशिवाय करून पाहिलं. दुकानातून कोरड्या नळ्या आणल्या, पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या. सासूबाईंच्या, झेलिंदाच्या घरात खोक्यातला पास्ता! कोटाच्या आत लपवून आणला, तरी सेकोंदाने कुंपणावरून विचारलंच, "काय रे नेव्हिओ, चोरी करून आलास?" वर ओतायच्या पांढऱ्या बेशामेलला लोण्याचा गोळा लागतो आणि लोणी तर बंद. म्हणून नुसता मैदा गरम दुधात टाकला. चाळीस वर्षं गिलावा कालवला, एक गुठळी राहू दिली नाही. इथे मात्र पातेलंभर गुठळ्या. इरीदेने काट्याने एक नळी उघडून आत बघितलं आणि म्हणाली, "नेव्हिओ, हे भिंतीला लाव. पडायचं नाही."

मी खूप हसलो. तीही हसली. मग तिने ताट बाजूला सारलं आणि मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. तिथे काही मला हसू आलं नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. छोटंसं काम नव्हतं ते. छाती उघडली होती तिची. ऑपरेशन उत्तम झालं म्हणतात. नवीन झडप घड्याळासारखी चालते म्हणतात. पण ती खात नाही, आल्बा. मीठ नाही, चरबी नाही, सगळं ओल्या कागदासारखं लागतं म्हणते. आधी मला वाटलं, नखरे आहेत. मग वाटलं, होईल सवय. आता मी तिला उचलून खुर्चीवर ठेवतो तेव्हा मला काहीच वजन लागत नाही. मी आयुष्यभर पोती उचलली आहेत, मला वजन कळतं. लग्नाची अंगठी बोटातून गळून पडायला लागली, म्हणून तिने ती मिठाच्या भांड्यात ठेवून दिली आहे. नाहीतरी ते रिकामंच असतं.

सारण कळव. मी विनवतो.

नेव्हिओ


बान्याकावाल्लो,
१७ मार्च

आल्बा,

काल डॉक्टर येऊन गेला. मला दाराबाहेर नेऊन म्हणाला, ईस्टरपर्यंत हिने अन्न घेतलं नाही तर इस्पितळात न्यावी लागेल, नाकातून नळी घालावी लागेल. आणि तेवढ्यानेही भागेल असं सांगता येत नाही. "झडप बदलता येते हो," म्हणाला, "भूक बदलून देता येत नाही." मी त्याला हाकलून द्यायच्या बेतात होतो. मग बघितलं तर त्याचेच डोळे भरलेले. त्याच्या लहानपणी, गोवराच्या वेळी इरीदेनेच त्याला मांडीवर घेऊन बसवलं होतं, विसरला नाही तो.

आत गेलो तर इरीदेने सगळं ऐकलेलं. म्हणाली, "इस्पितळात मला नेशील तर मेल्यावरच, पाय पुढे करून नेशील." मी ओरडलो. आजारी बायकोवर ओरडलो. ती म्हणाली, "ओरड, ओरड, निदान घरात कोणीतरी जिवंत वाटतं."

आता खरं कारण सांगतो, मी तुझ्या मागे का लागलोय ते. हे कान्नेल्लोनी काही माझ्या डोक्यातून निघालेले नाहीत. फेब्रुवारीत एका दुपारी ती खुर्चीतच पेंगली होती. हात पांघरुणावर पुढे-मागे, पुढे-मागे चाललेले. आणि झोपेत, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "आल्बा, झालं का गं सारण? पोळी वाळतेय."

लाटलेली पोळी कुणासाठी थांबत नाही, हे मी तुला सांगायला नको. वेळेत सारण भरलं नाही तर दुमडताना तडकते आणि मग कोंबड्यांना घालायची. मला तो हात बघवेना. तिच्या तोंडून गेल्या कित्येक महिन्यांत खाण्याचं नाव निघालं ते हे एवढंच.

मी तुला लिहितोय हे तिला ठाऊक नाही. तुझं नाव या घरात घ्यायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण घेतलं जात नाही. तुमचं काय ते तुमच्यापाशी. तू म्हणशील, आई गेली त्या दिवशी तिने मला विचारलं होतं का? नाही विचारलं. सासूबाईंचं लाटणं, ते हातभर रुंद फळीला पुरून उरणारं, तीन पिढ्यांच्या हातांनी काळं झालेलं लाटणं, तिने शवपेटीत त्यांच्या कुशीला ठेवून दिलं. तू ते झाकण लावताना बघितलंस आणि पाद्रीबाबांसमोर म्हणालीस, "आईच्या मायेने नाही, मला मिळू नये म्हणून पुरतेस!" सगळ्या गावाने ऐकलं. मीही ऐकलं. तू स्मशानातूनच स्टेशनवर गेलीस, ती गेलीसच.

बरं, ती चुकली असं धर. चुकलेल्या माणसाला उपाशी मारतात का? मी कधी कुणापुढे हात पसरला नाही. मजुरी बुडवली लोकांनी, तरी नाही. आता पसरतो. बघ, पसरलाय.

नेव्हिओ


बान्याकावाल्लो,
२३ मार्च

आल्बा,

आलं! पोस्टमनच्या सायकलला आडवाच गेलो. वर नाव नाही, खाली सही नाही, कसं आहे काय आहे काही नाही. चालेल. रस्त्यातच उभा राहून वाचलं, आणि आता समोर ठेवून पुन्हा वाचतोय. माझ्याकडून काही सुटलं तर नाही ना, म्हणून तुझंच तुला लिहून दाखवतो:

"आजारी माणसासाठी. रिकोत्ता गाईचा, मेंढीचा जड पडतो. फडक्यात बांधून टांग, थेंब पडायचा थांबेपर्यंत. पालक उकडून पिळ. मग पुन्हा पिळ. हात दुखले तर फडक्यात घालून त्यावर बस. एक अंडं. पार्मेजानो चीज अगदी थोडं, ते खारट असतं. जायफळ मात्र सढळ हाताने, मिठाची उणीव त्यानेच भरते. बेशामेल विसर. दूध आणि पालकाचं पाणी निम्मं निम्मं, त्यात मैदा गार असतानाच कालव, मग विस्तवावर ठेव. गरम दुधात टाकलास तर गुठळ्या होतील, तू टाकशीलच. वर झाकण ठेवून भाज, शेवटी काढ. पोळी पातळ. ती कशी ते तिला विचार."

शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

पण तिला विचारू कसं? या घरात लाटणं नाही, आल्बा. ते तुला माहीत नसेल. सासूबाई गेल्यापासून इरीदेने दुसरं आणलंच नाही. बाया मागून बोलतात, आपल्या रोमान्या मुलखातली बाई आणि घरात लाटणं नाही! ती ऐकून न ऐकल्यासारखं करते. मी आज झाडूचा नवा दांडा आणला, कापला, पॉलिशपेपरने घासघासून गुळगुळीत केला. सेकोंदा कुंपणावरून म्हणाली, "बायकोला मारायला घेतोस का काय?" मी म्हटलं, "नाही गं, वाचवायला." तिला वाटलं थट्टा करतोय. हसली. मग माझं तोंड बघून आत गेली आणि परतली ती चार अंडी घेऊन.

उद्या करतो. रिकोत्ता टांगलाय. टपटप आवाज येतोय. इरीदेने आतून विचारलं, "छप्पर गळतंय का?" मी हो म्हटलं.

तुझे उपकार आहेत.

नेव्हिओ


बान्याकावाल्लो,
२५ मार्च

आल्बा,

तुला हे शोभत नाही.

झालेलं सांगतो, म्हणजे तुला कळेल तू काय केलंस. माझी पोळी वाकडीतिकडी, एका जागी भोक, पण झाली. सारण तू लिहिलंस तस्संच. गुठळी एक नाही. ओव्हनमधून वास सुटला, आणि इरीदे खुर्चीतून उठली. कुणी उठवलं नाही. भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आली आणि टेबलाशी बसली. मी वाढलं.

तिने एक घास घेतला. चावला. गिळला. मी देवाचं नाव घेत नाही हे तुला ठाऊक आहे, ते मी घेतलं. दुसरा घास घेतला. म्हणाली, "हे आल्बाचं. तू तिला लिहिलंस?"

मी होकाराची मान हलवली.

"काय म्हणाली?"

"काही नाही. नुसतं सारण पाठवलं."

"नुसतं सारण," ती म्हणाली. मग काटा खाली ठेवला. "लिंबू नाही यात."

"कसलं लिंबू?"

"लिंबाची साल, किसून. त्याच्याशिवाय ते घरचं होत नाही रे."

आणि उठली, भिंत धरत धरत परत गेली. ते दोन घास. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही.

लिंबू गाळलंस तू! चांगल्या सुगरणी असं करतात हे मी ऐकून आहे, कृती सांगायची आणि एक वस्तू पोटात ठेवायची, म्हणजे दुसरीला ती चव साधू नये. पण मरणाऱ्या बाईशी? सख्ख्या बहिणीशी? मी हे इरीदेला बोलून दाखवलं, तर म्हणाली, "नाही रे, तसं नाही ते," आणि डोळे मिटून घेतले. अजून तुझीच बाजू घेते! अकरा वर्षं घेत आली आहे, आणि आता मी तिला दिलेलं एक वचन मोडणार आहे. मोडू दे. वचन पाळून मला बायको मिळणार नाही.

लाटणं पेटीत ठेवायला सासूबाईंनीच सांगितलं होतं. जाण्याच्या आधीच्या आठवड्यात, मी खोलीत असताना. म्हणाल्या, "इरीदे, हे माझ्याबरोबर घाल. एकीला दिलं तर दुसरी तिच्याशी जन्मात बोलणार नाही. मी ओळखते माझ्या पोरींना." एवढी हुशार बाई, आणि झालं काय ते बघ.

स्मशानातून आल्यावर मी इरीदेला म्हटलं, आत्ताच्या आत्ता स्टेशनवर जा, सांग तिला. ती म्हणाली, "आईचं नाव घेतलं तर ती आईवर रागावेल. गेलेल्या माणसावरचा राग काढायला जागा नसते. माझ्यावर रागावू दे. मी आहे ना जिवंत."

ऐकलंस? "मी आहे ना जिवंत." त्याच भरवशावर तू अकरा वर्षं रागावून घेतलंस. ईस्टरनंतर कोणावर रागावशील? माझ्यावर? मला सवय नाही, मी उलटून बोलतो.

तुला काय करायचं ते कर. मला तिला भरवायचंय, आणि मला येत नाही. मला काहीच येत नाही. भिंती सरळ करता येतात, बस.

नेव्हिओ


लेव्हांतो,
२८ मार्च

नेव्हिओ,

शनिवारी तुमच्याकडे फोन वाजला आणि कोणी बोललं नाही, ती मी. तू तीनदा "कोण, कोण" म्हणालास आणि मी फोन ठेवला. म्हणून लिहिते. हे पत्र आधी पोचेल की मी, ते आपलं टपाल जाणे.

पहिलं ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. मी काही गाळलेलं नाही. लिंबू मी कधी घालतच नव्हते. आईने मला जे शिकवलं ते सगळं मी तुला लिहिलं, त्यातलं जायफळसुद्धा सोडलं नाही. तुझं पत्र वाचून मी इतकी संतापले, की तुला खोटं पाडायचं म्हणून तडक सारण करायला घेतलं. आमच्या मागच्या दारी लिंबाचं झाड आहे. एक तोडलं, सालीचा पिवळा भाग किसून निम्म्या सारणात घातला, निम्मं तसंच ठेवलं.

माझं सारण चांगलं होतं. दुसरं आईच्या घरचं होतं.

मी तिथेच स्टुलावर बसले. कोण घालत होतं मग? आणि मला ते तळघर आठवलं. सारण झालं की आई दर वेळी म्हणायची, "आल्बा, जा, बाबांसाठी वाइन आण." दर वेळी! वाइन टेबलावर असली तरी. मला वाटायचं, धाकटी म्हणून पळवतात. मी कुरकुरत जायची आणि केसांत कोळिष्टकं घेऊन यायची, तुला तेवढंच दिसलं. तेवढ्या वेळात आई एप्रनच्या खिशातून लिंबू काढत असणार. माझ्या सारणात काहीतरी कमी असायचं, नेव्हिओ, पहिल्यापासून. मला वाईट वाटू नये म्हणून तिने ते कधी सांगितलं नाही, गुपचूप भरून काढलं.

आणि इरीदे फळीपाशी उभी असायची. ती बघत असायची.

सगळा गोतावळा म्हणायचा, सारण खावं तर आल्बाचं. मी नाक वर करून फिरायची. ती काही बोलली नाही. बरं, तेव्हा नाही बोलली. पण पेटीपाशी मी तिला गावासमोर नको नको ते बोलले, तेव्हा तरी? भांडणात माणूस हाताला येईल ते फेकून मारतो. तिच्या हाताला हे आलेलं होतं. एवढं म्हणाली असती, "कसलं गं तुझं सारण, ते तर आईचं," तर मी जागच्या जागी गार झाले असते. नाही म्हणाली. लाटण्याचंही नाही, लिंबाचंही नाही. आणि मी अकरा वर्षं इथे समुद्राकडे बघत बसले, मला फसवलं म्हणून.

तू मला मरणाऱ्या बाईशी असं वागतेस म्हणून शिव्या दिल्यास. अजून दे. पण ती मरणारी म्हणायचं नाही. पुन्हा तो शब्द लिहिलास तर तुझा झाडूचा दांडा तुझ्याच पाठीत घालीन.

गुरुवारी दुपारच्या गाडीने येते. लाटणं आणते, माझं इथलं आहे, लहान आहे, पण लाटणं आहे. लिंबं आणते. तू रिकोत्ता टांगून ठेव आणि स्वयंपाकघरातून बाहेर हो. तिला फळीपाशी खुर्ची दे. लाट म्हणू नकोस. लाटायला मीच घेईन, आणि मला ते येत नाही हे सगळ्या जगाला माहीत आहे. नकाशासारखी पोळी होईल, भोकं पडतील. किती वेळ बघत बसते ते मी बघते. तिच्या हातात जोर नसेल तर माझे हात वर ठेवीन. दुसरीच्या कामात बोट घातलं म्हणून पाठीत मारायला आता कोणी नाही.

आणि एक कर. माझ्यासमोर नको, मी यायच्या आधी. इरीदेला आईचा एप्रन बांध, तो टाकला नसेल तिने, मला ठाऊक आहे. त्याच्या खिशात एक लिंबू ठेव. सेकोंदाकडून माग, माझी नंतर वापरू. सारण झालं की तिने मला म्हणायचं, "आल्बा, जा, वाइन आण." मी कुरकुरत जाईन. जिन्यात थोडा वेळ बसेन. सावकाश येईन.

आल्बा